पावती मागा! शाळेच्या वर्गणीचा हिशोब हा आपल्या हक्काचा प्रश्न आहे

शिक्षण मोफत आहे, असं संविधान सांगतं. कलम २१-अ नुसार ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारची आहे. मग अमरावती-अकोल्यातल्या आपल्या आयाबहिणींच्या पदराची गाठ दरवर्षी शाळेच्या नावानं सुटते, ती कशासाठी? इमारत निधी, विकास निधी, गॅदरिंग, परीक्षेचे झेरॉक्स, डिजिटल वर्ग, शाळेची रंगरंगोटी, पाण्याचं फिल्टर, निरोप समारंभ. नावं बदलतात, पैसे मात्र त्याच खिशातून जातात.

मी इथं वर्गणीच्या विरोधात बोलत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हे पैसे कुणी मागितले, कोणत्या अधिकारानं मागितले, कुठं जमा झाले, कशावर खर्च झाले? ही चार उत्तरं किती पालकांना मिळतात?

पैसे कधी मागतात आणि कुणाला मागतात

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. हाच काळ पेरणीचा. दोन एकर कोरडवाहू असलेला बाप बियाण्यासाठी कृषी केंद्राच्या उधारीत असतो. ज्याला शेतच नाही, तो मजुरीची वाट पाहत असतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात निरोप येतो, "प्रवेश पक्का करायचा असेल तर निधी भरा." दुसरा निरोप डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगच्या वेळी येतो. तेव्हा कापूस वेचणीचे चार पैसे नुकतेच हातात आलेले असतात.

पैसे दिले की पावती मिळत नाही. वहीत नाव लिहिलं जातं, आणि ती वही पुन्हा कुणाला दिसत नाही. आता तर "सरांच्या नंबरवर फोनपे करा" असं सांगितलं जातं. शाळेचं बँक खातं असताना पैसे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात का जातात? कुणी विचारायला गेलंच, "सर, पावती भेटन काय?" तर उत्तर ठरलेलं असतं, "शंभर-दोनशे रुपयांची कायची पावती बाप्पा!"

पालक गप्प का बसतो? तो अडाणी आहे म्हणून नाही. त्याचं लेकरू त्या वर्गात बसतं म्हणून. "पोट्ट्याचं नाव काटतीन तं काय करू?" हा प्रश्न मी फ्रेजरपुऱ्यात ऐकला, अकोट फैलात ऐकला, मूर्तिजापूर-दर्यापूरच्या खेड्यांतही ऐकला. ज्या लेकरानं पैसे आणले नाहीत त्याचं नाव भर वर्गात वाचून दाखवतात. ते लेकरू दुसऱ्या दिवशी शाळेत जायला नाही म्हणतं. त्याच्या आजाला शाळेबाहेर बसवलं गेलं होतं. आज नातू वर्गात बसला आहे, पण मान खाली घालून. फरक पडला आहे, पण पुरेसा नाही.

आता एक हिशोब बघा. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना सरकार उपस्थिती भत्ता देतं. किती? रोज १ रुपया. १९९२ पासून हाच दर. मुलगी एकही दिवस न चुकवता शाळेत गेली, तर वर्षाला २२० रुपये. तेवढे तर गॅदरिंगच्या एका नाचाच्या ड्रेसला लागतात. शासन वर्षभरात देतं ते शाळा एका दुपारी काढून घेते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२७ मध्येच मांडला होता

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधान परिषदेत शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेब बोलले. सरकार शिक्षणावर खर्च करतं असं म्हणतं, पण त्यातला किती भाग विद्यार्थ्यांच्या फीतूनच वसूल होतो, हे त्यांनी आकडे देऊन दाखवलं. कला महाविद्यालयांच्या खर्चाचा सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चाचा ३१ टक्के, माध्यमिक शाळांच्या खर्चाचा २६ टक्के भाग फीमधून येत होता. याला त्यांनी शिक्षणाचं व्यापारीकरण म्हटलं. खालच्या वर्गांना शिक्षण जितकं स्वस्त करता येईल तितकं केलं पाहिजे, ही त्यांची मागणी होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब अमरावतीत होते. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्याच्या काळात, इंद्रभुवन थिएटरमधल्या वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषदेचे ते अध्यक्ष होते. मंदिराचा लढा आपण दरवर्षी आठवतो, आणि आठवलाच पाहिजे. पण शाळेच्या पैशाचे ते आकडे किती जणांना माहीत आहेत? बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण अभिमानानं सांगतो. मग त्यांचा अनुयायी शाळेचा जमाखर्च मागायला का लाजतो?

"शाळेकडे पैसेच नसतात, मास्तर काय करणार?"

हा युक्तिवाद खोटा नाही, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या सरकारी शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतं. १०० पर्यंत पट असेल तर २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. यातच वीजबिल, खडू, डागडुजी, स्वच्छता. वऱ्हाडातल्या खेड्यांत लहान पटाच्या शाळा कितीतरी आहेत. तिथला मास्तर अनेकदा स्वतःच्या खिशातून खर्च करतो. असा मास्तर आपला शत्रू नाही.

पण मग दोष कुणाचा? २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला आणि लोकसहभागातून शाळा डिजिटल करण्याची लाट आली. लोकसहभाग हा शब्द गोड आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा झाला की सरकारनं करायचा खर्च गावानं करायचा. श्रीमंत गावाची शाळा चकाचक झाली, मजुरांच्या वस्तीतली तशीच राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आली. ठरलेली रक्कम दिली की कंपनीचं किंवा देणगीदाराचं नाव सरकारी शाळेला जोडता येईल. कंपनीनं पैसे दिले तर करार होतो, पाटी लागते, कार्यक्रम होतो. निंदणाला जाणाऱ्या बाईनं दोनशे रुपये दिले तर साधी पावतीही नाही! हिला आम्ही विषमता म्हणतो.

७ डिसेंबरचा ध्वजनिधी आठवा. क्षयरोगाची तिकिटं आठवा. शाळेतली पोरं घरोघरी फिरून तो निधी गोळा करायची. पण त्यात देणाऱ्याच्या हातात निदान एक ध्वज, एक तिकीट पडायचं. तीच त्याची पावती. पाच रुपयांना जे जमत होतं ते पाचशेला का जमू नये?

खासगी अनुदानित संस्थांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. शिक्षकांचा पगार सरकार देतं, आणि इमारतीच्या नावानं पालकांकडून पैसे घेतले जातात. ती इमारत उद्या कुणाची? संस्थेची. संस्था कुणाची? कागदावर सार्वजनिक विश्वस्त संस्थेची, व्यवहारात अनेक ठिकाणी एका घराण्याची. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत हजेरीपटावरची पोरं वर्गात नसल्याचं उघड झालं होतं. हिशोब तपासला की काय बाहेर येतं, हे महाराष्ट्रानं तेव्हा पाहिलं आहे.

वऱ्हाडची परंपरा काय सांगते

वर्गणीतून शिक्षण उभं करण्याची परंपरा आपल्याच मातीतली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं उभी केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लोकांकडून आलं ते लोकांच्या शिक्षणाला दिलं, स्वतःच्या घरी नेलं नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत शिक्षण संस्था काढली तीही बहुजनांच्या पोरांसाठी. म्हणून कुणी आम्हाला "तुम्ही लोकवर्गणीच्या विरोधात" असं म्हणू नये. लोकवर्गणीला लोकांचा हिशोब लागतो, एवढंच आमचं म्हणणं आहे.

कायदा आपल्या बाजूनं आहे, पण तो वाचावा लागतो

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १३ सांगतं, प्रवेश देताना जाहीर फीशिवाय कोणतीही देणगी वा वर्गणी घेता येत नाही. घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कुणाचंही नाव शाळेतून काढता येत नाही. कलम १७ मानसिक छळाला बंदी घालतं. पैसे न आणणाऱ्या लेकराचं नाव वर्गात वाचणं हा मानसिक छळ नाही तर काय आहे? कलम ५ प्रमाणे दाखला अडवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

आठवीच्या पुढं महाराष्ट्राचा १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आहे. स्वेच्छेनं दिलेली देणगी तो थांबवत नाही. पण त्या देणगीच्या बदल्यात जागा देता येत नाही, आणि पैसा संस्थेच्या बँक खात्यातच गेला पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. अनुदानाचा खर्च तपासणं हे या समितीचं कामच आहे. इथं एक गोम लक्षात ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर खासगी अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. तिथं दुसरी हत्यारं वापरावी लागतात.

तरुणांनो, करायचं काय?

पहिली गोष्ट, एकट्या पालकाला पुढं करू नका. त्याचं लेकरू त्याच वर्गात बसतं. वस्तीतल्या पंधरा-वीस पालकांच्या सह्यांचा अर्ज करा, किंवा संघटनेच्या नावानं द्या. खासगी शाळांच्या फीवाढीविरुद्ध जायचं तर २०१८ च्या दुरुस्तीनं २५ टक्के पालकांची अट घातली आहे. ही अट अन्यायाची आहेच, पण ती आपल्याला एकत्र यायलाही सांगते.

दुसरी, पैसे मागितले की लेखी मागणी मागा. कोणत्या ठरावानं, कशासाठी, किती. पावतीवर क्रमांक, शाळेचं नाव आणि कारण हवं. पैसे शाळेच्या खात्यात द्या, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही.

तिसरी, जिल्हा परिषद शाळेच्या समितीत आपली माणसं पाठवा, विशेषतः आया. अनेक ठिकाणी समिती कागदावरच असते आणि सह्या घरी येऊन घेतल्या जातात. पासबुक आणि ठरावाचं रजिस्टर पाहिल्याशिवाय सही नाही, एवढं त्यांना शिकवा.

चौथी, माहिती अधिकार. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. शासनाच्या पैशावर चालणारी अनुदानित शाळाही या कायद्यात येते. नाही मिळालं तर अपील, आणि राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ अमरावतीतच आहे.

पाचवी, संस्था विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिचे हिशोब तपासून धर्मादाय कार्यालयात जावे लागतात. तिथं जा, मागा. पालकांकडून घेतलेला इमारत निधी त्या हिशोबात दिसतो का, एवढंच पाहिलं तरी अर्धं काम होतं.

तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यापासून सुरू करा, मग शिक्षणाधिकारी, मग अमरावतीचे विभागीय शिक्षण उपसंचालक. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे न केलेली तक्रार.

आणि हो, हिशोब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशोब चोख हवा. आपण १४ एप्रिलची वर्गणी करतो, विहाराच्या बांधकामासाठी पावतीपुस्तकं फाडतो. ज्या वस्तीत जयंतीनंतर विहारात बसून जमाखर्च वाचला जातो, तिथले लोक पुढच्या वर्षी न मागता पैसे देतात. जिथं वाचला जात नाही तिथं दोन मंडळं होतात, मग दोन मिरवणुका. आपल्या लोकांनी चालवलेल्या शाळा-वसतिगृहांनाही हाच नियम लागू आहे. निळा झेंडा लावला म्हणून ऑडिट माफ होत नाही. या जयंतीचा हिशोब फळ्यावर लिहा, आणि मग तोच फळा घेऊन शाळेत जा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण घोषणेत म्हणतो. शिकण्याच्या जागेवरच आपल्या माणसाला खाली मान घालावी लागत असेल, तर संघर्ष तिथूनच सुरू झाला पाहिजे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा प्रत्येक वस्तीतून किमान एक लेखी अर्ज गेला पाहिजे. तारीख टाका, सह्या घ्या, पोच घ्या.

जय भीम! जय संविधान!