जोडीचा जीर्णोद्धार

वस्तु मोडली कीं माळ्यावर टाकावी आणि माळा भरला कीं भंगारवाल्यास हांक मारावी, हा हल्लींचा गृहधर्मच होऊन बसला आहे. आमच्या माळ्यावरील स्पीकरची पेटी त्याच वाटेनें जावयाची. परंतु एकटी पेटी घेण्यास भंगारवालाहि राजी होईना, म्हणून ती वांचली.

तिची जोडीदारीण आमच्या धाकट्या बंधूंच्या घरीं. आमच्या चुलत्यांनीं ही जोडी १९७८ सालीं अमेरिकेहून आणली होती. १९९९ सालीं वाटण्या झाल्या, त्यांत भांड्याकुंड्यांबरोबर या जोडीचीहि एकेक पेटी झाली. संस्कृतांतील द्विवचन आम्हीं जन्मभर मुलांकडून घोकून घेतलें. त्या दिवशीं मात्र त्याचा अर्थ आम्हांस सुचला नाहीं. पुढें उभयतांचें बोलणें लग्नपत्रिका व श्राद्धपक्ष यांपुरतेंच उरलें. गेल्या चैत्रांत पुतण्या दुसरी पेटी घेऊन आला व म्हणाला, "काका, बाबांनीं विचारलं आहे, दोन्ही दुरुस्त होतील का?"

या घडणीची मूळ कल्पना एड्गर विल्चर यांची. १९५४ सालीं अमेरिकेंत त्यांनीं पेटी सर्व बाजूंनीं हवाबंद केली आणि आंतल्या हवेकडूनच स्प्रिंगचें काम करून घेतलें. त्यामुळें लहान पेटींतूनहि खर्ज भरदार निघूं लागला. अर्थात् हवा गळूं लागली कीं खर्ज गेलाच. आमच्या पेट्यांत कागदी शंकु धड होता. त्याच्या कडेची फोमची झालर मात्र बोट लावतांच भुगा होऊन पडली. हा फोम दमट हवेनें पंधरा-वीस वर्षांत कुजतो. दोष वयाचा, दुसऱ्या कोणाचा नव्हे.

जीर्णोद्धाराचा पहिला नियम असा, कीं कुजलें तेवढेंच काढावें. जुनी झालर व सुकलेलें सोल्यूशन बोथट सुरीनें हलकेंच खरवडावें. शंकु फाटूं देऊं नये. त्याच मापाची नवी झालर प्रथम शंकूस, मग लोखंडी कड्यास चिकटवावी. शंकु अगदीं मधोमध राहिला पाहिजे. कारण त्याच्या मागील तारेचें वेटोळें चुंबकाच्या ज्या फटींत हलतें, तेथें केसभरच मोकळी जागा असते. दोन्ही हातांच्या बोटांनीं शंकु सारखा दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला तर सोल्यूशन ओलें आहे तोंच सरकवावा. मग एक अहोरात्र हात लावूं नये. आंतील जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरहि बदलावे; नवे नॉन-पोलर, तितक्याच मायक्रोफॅरडचे आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचे असावे.

शेवटची कसोटी दीड व्होल्टच्या सेलची. सेलची धन बाजू लाल खुंटीस व ऋण बाजू काळ्या खुंटीस क्षणभर लावून पाहावी. दोन्ही पेट्यांत शंकु एकाच दिशेस हललाच पाहिजे. ही कसोटी आम्हीं बंधूंच्या पेटीस लावली. आपली बरोबरच असणार, असें गृहीत धरून चाललों.

रविवारीं चुलत्यांची आवडती तबकडी लावली. बंधु कित्येक वर्षांनीं आमचा जिना चढून आले. तबल्याची चाट स्पष्ट वाजत होती. डग्ग्याचा घुमारा मात्र कोठेंच नव्हता. बंधूंनीं मिनिटभर ऐकलें व म्हणाले, "दादा, एकीच्या तारा उलट्या लागल्या आहेत." एक शंकु पुढें येई तेव्हां दुसरा मागें जाई, एकानें ढकललेली हवा दुसरा ओढून घेई आणि खर्ज जागच्या जागीं मरे. उलटी होती ती आमचीच पेटी. डाख देतांना चूक आमच्याच हातून झाली होती.

तारा फिरविल्या आणि डग्गा असा घुमला, कीं स्वयंपाकघरांतून सूनबाई बाहेर आली. तबकडी संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं. जोडी आतां कोणाकडे ठेवावी, हा प्रश्न आम्हीं भीतभीतच काढला.

बंधु म्हणाले, "येथेंच राहूं दे, दादा. रविवारीं मी येत जाईन."