बारा सेविकांची साक्ष

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील अनेक घरांना कुलपे लागतात. भातकापणी आटोपलेली वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. गरोदर माता जातात, कडेवरची बालके जातात; अंगणवाडीतील आहार मात्र गावातच राहतो. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. आज त्याच परिसरातील बालकांच्या वजन-उंचीचा आणि आहाराचा हिशेब सेविकेच्या हातातील मोबाइलवर ठेवला जातो. त्यामुळे ते ॲप कोणत्या मंचावर उभारले आणि त्यास मान्यता कोणी दिली, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहत नाही.

२०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले, तेव्हा नोंदींची प्रणाली ‘कॉमकेअर’ या विदेशी कंपनीच्या मंचावर बेतलेली होती. १ मार्च २०२१ पासून तिच्या जागी केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ आले. देशातील बालकांच्या नोंदींसाठी देशाने स्वतःचे साधन घडवावे, हे स्वागतार्हच होते. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन जुने व कमी क्षमतेचे, आणि माहिती भरायची इंग्रजीतून, ही त्यांची तक्रार होती. पुढे भारतीय भाषा आल्या. पण आधी घोषणा आणि मग दुरुस्ती, हा क्रम उलटाच म्हणावा लागेल.

येथे बाजाराकडूनही शिकण्यासारखे आहे. अँड्रॉइड स्वस्त फोनवरही चालते, म्हणून पाड्यासाठी त्याची निवड योग्यच. मात्र गूगलच्या प्ले स्टोअरवर वैयक्तिक खाते नव्याने उघडणाऱ्यास किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस ॲपची चाचणी घ्यावी लागते. त्यानंतरच ते सर्वांसाठी खुले करण्याचा अर्ज करता येतो. आपल्या फळीवर माल मांडू देण्यापूर्वी दुकानदार बारा जणांची साक्ष मागतो. मग ज्या ॲपवर बालकाचा घास अवलंबून आहे, त्यास जव्हार-मोखाड्यातील बारा सेविकांची साक्ष नको काय?

१ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची अट आली. गैरव्यवहार रोखण्याचा हेतू रास्तच आहे. परंतु डोंगरकपारीतील पाड्यावर नेटवर्क नसेल, तर रांगेतील मातेने रिकाम्या हाताने परतावे काय? भट्टीवर गेलेल्या मातेची नोंद तेथील अंगणवाडीपर्यंत पोहोचते काय? स्थलांतरितांसाठी राज्याने २०२२ मध्ये ‘महा-एमटीएस’ प्रणाली आणली; तिच्या प्रारंभिक प्रयोगात पालघर जिल्हाही होता. म्हणजे प्रश्न शासनास ठाऊक आहे.

मान्यतेच्या कसोट्या अवघड नाहीत. नेटवर्क नसताना नोंद व्हावी, ते मिळताच ती आपोआप पुढे जावी. जुन्या फोनवर चालावे. सेविकेशी मराठीत बोलावे. आणि यंत्र अडले तरी आहार अडू नये. मंत्रालयातील सादरीकरणात चालणारे ॲप पावसाळ्यात मोखाड्याच्या पाड्यावर चालले, तरच ते मान्य झाले असे समजावे.

या भागात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनीही अंगणवाडीत डोकावून सेविकेची अडचण ऐकावी आणि ती तालुक्याच्या प्रकल्प कार्यालयापर्यंत पोहोचवावी. पडद्यावरचा आकडा हिरवा होणे सोपे आहे. बालकाच्या दंडाचा घेर वाढणे, हेच खरे प्रमाणपत्र.