तुंबलेले चेंबर आणि आपण



पाऊस लागला की गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींच्या घरगल्ल्या तुंबतात आणि तळमजल्यावरच्या खानावळीत, शिवणाच्या दुकानात मैलापाणी उलटे चढते. धंदा बुडतो म्हणून मालकीणबाई नाक्यावरून कुणाला तरी बोलावते. तो चेंबरमध्ये उतरतो. उरलेली घाण झाडूवाली मावशी उघड्या हातांनी काढते. दोघांची जात कुणी विचारत नाही. ती सगळ्यांनी गृहीतच धरलेली असते.

संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीची टाकी साफ करताना ३ कामगार गुदमरून मेले. त्यांच्या बायकांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाखांच्या भरपाईचा आदेश निघाला.

घाण काढणे बाईच्याच माथी का, असे आपण विचारतो. मग तेच काम आपण दुसरीच्या माथी मारतो, त्याचे काय? वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवू, यंत्राचा आग्रह धरू. मावशीला हातमोजे, गमबूट आणि जादा मजुरी देऊ. दुकान दोन दिवस बंद राहिले तर ते नुकसान भरून निघते. गोवंडीच्या त्या तिघींचे निघत नाही.