धांवण्याचा श्रीगणेशा

जानेवारीचा तिसरा रविवार आला कीं, मुंबईच्या लोकलगाड्यांत भल्या पहाटे एक निराळीच मंडळी दिसूं लागते. छातीवर क्रमांकाचा कागद टांचलेला, पायांत रंगीबेरंगी बूट, आणि चेहऱ्यावर करवल्यांसारखा उत्साह. २००४ सालीं सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आतां या शहराचा एक सणच होऊन बसली आहे. आणि सणाच्या दुसऱ्या दिवशीं जसा घरोघर पथ्याचा निश्चय होतो, तसा या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीं मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कित्येक घरांत 'आपणही धांवूं या' असा निश्चय होतो. निश्चय उत्तम, परंतु तो करणाऱ्यांपैकीं बरेच जण माघ संपण्यापूर्वीं नडगी चोळीत बसलेले आढळतात. आमच्या घरींही एक असे बसले होते. त्यांची हकीकत पुढें येईलच.

गेल्या वर्षीं कार्तिकांत आमच्या रक्तांतील साखर बेताबाहेर गेल्याचें निष्पन्न झालें, व डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही रोज सकाळीं चालूं लागलों. त्याच सुमारास आमची धाकटी सून, जी घाटकोपरास एका बँकेंत नोकरीस आहे, ती एके रात्रीं जेवतांना म्हणाली, "बाबा, मला धांवायला शिकायचं आहे." पंगतीला आम्ही नऊ माणसें होतों. कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग आमच्या मातोश्री, ज्यांचें वय ८६ आहे, भात कालवीत म्हणाल्या, "रोज गाडी पकडायला धांवते, तेवढं पुरे नाही का? सकाळच्या प्रहरीं घरच्या सुनेनं रस्त्यानं धांवत सुटायचं, हें कुठं पाहिलं नाही बाई." आणि आम्ही, ज्यांनीं पस्तीस वर्षें मुलांकडून निर्भयतेवर निबंध लिहून घेतले, ते खालीं मान घालून ताक ओरपीत राहिलों.

तें मौन आम्हांस पुढें कित्येक दिवस बोंचत होतें. कारण त्याच्या मुळाशीं एक जुनें पाप होतें. शाळेंत असतांना दहावीच्या वर्गाचे शारीरिक शिक्षणाचे जे तास वेळापत्रकांत असत, ते आम्ही बहुधा संस्कृतच्या उजळणीसाठीं मागून घेत असूं. मागून कसले, घेतच असूं. मुलें खिडकींतून मैदानाकडे पाहत 'धाव्' धातूचीं रूपें चालवीत बसत. या धातूचे दोन अर्थ आहेत: एक वेगानें जाणें व दुसरा स्वच्छ करणें; दंतधावनांतलें धावन तें हेंच. हें आम्ही मोठ्या रसाळपणें समजावून देत असूं. वेगानें जाण्याचा धातु बाकावर बसवून शिकवितांना आम्हांस त्यांत कांहीं विपरीत वाटत नसे.

मुलुंड पूर्वेस संभाजी मैदान आहे. तेथें मार्गशीर्षांत एका सकाळीं चाळिशीच्या एका गृहस्थानें आम्हांस वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलंत का?" आवाजावरून ओळखलें. मागच्या बाकावरचा, विभक्तींत नेहमीं घोंटाळणारा मुलगा. तो आतां लांबच्या शर्यती धांवतो. आम्हांस साखरेचा विकार जडल्याचें ऐकून तो म्हणाला, "सर, नुसतं चालूं नका, डॉक्टरांना विचारून थोडं धांवायलाही लागा. आपले कांहीं तास राहिलेच आहेत." तो हें हंसत म्हणाला. त्याच्या मनांत रागाचा लेश नव्हता, म्हणूनच आम्हांस मान वर करवेना.

डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख काढून, रक्तदाब पाहून परवानगी दिली. ही पायरी कोणीही गाळूं नये. विशेषतः चाळिशी उलटलेल्यांनीं, आणि मधुमेह, रक्तदाब वा हृद्रोग असणाऱ्यांनीं. साखर उतरविणारें औषध जे घेतात त्यांनीं धांवतांना खिशांत खडीसाखर ठेवावी, कारण श्रमानें साखर एकाएकीं फार खालीं जाऊं शकते. धांवतांना छातींत दाटून आलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर 'एवढी फेरी पुरी करूं' असें न म्हणतां थांबावें व दवाखाना गांठावा.

पहिल्या दिवशीं आम्ही धोतराची संवय मोडून पाटलोण चढविली आणि मैदानाच्या कडेनें दिव्याच्या एका खांबापासून निघालों. दुसरा खांब कसाबसा आला. तिसऱ्याशीं छातींत लोहाराचा भाता चालूं लागला. विद्यार्थी मागून शांतपणें चालत आला. "सर, तुम्ही धांवला नाहीत. पळालात." मराठींतला हा भेद आम्हीं त्याला शिकविला कीं त्यानें आम्हांला, कोण जाणे, परंतु नवशिक्याची सारी चूक त्या एका शब्दांत आहे. कुत्रें मागें लागल्याप्रमाणें जो सुटतो तो पळतो. धांवणें म्हणजे चालण्याहून किंचित् अधिक, आणि नवशिक्यास लाज वाटावी इतकें सावकाश.

किती सावकाश, याचें उत्तर आम्हांस आमच्याच पेटींतल्या पोथ्यांत सांपडलें. सुश्रुतानें व्यायामाची मर्यादा बलार्ध, म्हणजे अंगच्या बळाचा अर्धा भाग, अशी ठरविली आहे. आणि तें अर्धें सरलें हें ओळखण्याची खूण अशी दिली आहे कीं, श्वास तोंडाशीं येऊं लागतो. वाग्भट तर बलवान् व तुपातेलाचें अन्न खाणाऱ्या माणसासही अर्धीच शक्ति खर्च करण्यास सांगतो, आणि तीही थंडींत व वसंतांत. इतर ऋतूंत त्याहून कमी. आजचे शिक्षक हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगतात कीं, धांवतांना शेजारच्याशीं सबंध वाक्य बोलतां आलें पाहिजे. आम्ही शेजारच्यावर अवलंबून न राहतां रामरक्षा मोठ्यानें म्हणतों. चरणाच्या मध्येंच श्वास तुटला कीं पाय आवरतों.

आमच्या गुरूनें (आतां त्यास गुरुच म्हटलें पाहिजे) आखून दिलेला क्रम मूळचा अमेरिकेंतला. १९९६ सालीं जॉश क्लार्क नांवाच्या एका तरुणानें तो रचला, तो पन्नाशी उलटलेल्या आपल्या आईसाठीं. तो जगभर पसरला आहे. पहिल्या आठवड्यांत पांच मिनिटें भरभर चालावें. मग साठ सेकंद धांवावें, नव्वद सेकंद चालावें, आणि असें वीस मिनिटें आलटून पालटून करावें. आठवड्यांतून तीनच दिवस, मध्यें एकेक दिवस विश्रांति. पुढें धांवण्याचा भाग वाढत जातो, चालण्याचा कमी होतो, आणि नऊ आठवड्यांच्या अखेरीस माणूस न थांबतां अर्धा तास धांवूं शकतो. आम्हांस नऊ आठवडे पुरले नाहींत, सतरा लागले. तिसरा आठवडा आम्हीं तीनदां केला. नापास विद्यार्थ्यास त्याच इयत्तेंत बसविण्यांत आमचा हात धरणारा कोणी नव्हता, तेव्हां स्वतःसही तोच नियम लावला.

आतां नडगीवाल्यांची हकीकत. आमचे पुतणे, वय २९, यांनीं आमची ही साठ सेकंदांची प्रगति पाहून पुष्कळ विनोद केला, आणि नव्या बुटांनिशीं पहिल्याच दिवशीं पांच किलोमीटर धांवून आले. दुसऱ्या दिवशीं पांच, तिसऱ्या दिवशीं सहा. दहाव्या दिवशीं जिना उतरतांना त्यांच्या नडगीच्या आंतल्या कडेस अशी कळ आली कीं, पुढें सहा आठवडे धांवणें बंद. येथें एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हृदय व फुप्फुसें नव्या श्रमास थोड्या आठवड्यांत सरावतात, पण हाडांस व स्नायुबंधांस महिनेच्या महिने लागतात. त्यामुळें तिसऱ्या आठवड्यांत दम पुरूं लागतो, माणूस फुशारतो, आणि पाय अजून मागेंच असतात. तरुणांचा घात होतो तो येथें. दुखणें धांवतां धांवतां वाढत असेल, किंवा एकाच बोटाएवढ्या जागीं दाबल्यावर कळ येत असेल, तर तें हाडाचें असूं शकतें; तेथें तेल चोळून भागत नाहीं, डॉक्टरास दाखवावें.

'गुडघे झिजतील' हें वाक्य मात्र आम्हांस ज्यानें त्यानें ऐकविलें, बहुधा सोफ्यावर बसून. २०१७ सालीं अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करून जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत हौसेनें बेतानें धांवणाऱ्यांपैकीं सुमारें साडेतीन टक्के लोकांस गुडघ्याचा वा खुब्याचा संधिवात आढळला, तर बैठें जीवन जगणाऱ्यांत सुमारें दहा टक्क्यांस. स्पर्धेसाठीं धांवणाऱ्यांत मात्र तें प्रमाण बैठ्या लोकांहूनही अधिक होतें. धांवण्यानेंच गुडघे राखले गेले असें यावरून सिद्ध होत नाहीं, कारण मुळांत ज्यांचे गुडघे धड तेच धांवावयास जात असतील. परंतु हौशी माणसास भिवविण्यास हें वाक्य पुरेसें नाहीं, एवढें खरें.

सूनबाईंचा प्रश्न राहिला. मैदानावरून आल्यावर एके संध्याकाळीं आम्हीं धीर करून मातोश्रींपाशीं विषय काढला. प्रथम पांडित्यच पाजळलें. पुण्यास १९०६ सालीं निघालेल्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे तरुण पाहून दोराबजी टाटांनीं १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविले, आणि त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले, हें सांगितलें. माण तालुक्यांतल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवून दहाव्या आल्या, हेंही सांगितलें. मातोश्री वाती वळीत होत्या. वाती वळीतच राहिल्या. मग बारामतीच्या लता भगवान करे यांची गोष्ट सांगितली. साठी ओलांडलेली ही बाई २०१३ सालीं, नवऱ्याच्या तपासणीस पैसे हवे होते म्हणून, लुगडें नेसून अनवाणी शर्यतींत उतरली आणि ज्येष्ठांच्या गटांत पहिली आली. पुढें २०२० सालीं तिच्यावर चित्रपट निघाला, त्यांत कामही तिनेंच केलें.

वात वळणारा हात थांबला. "लुगडं नेसून?" मग थोड्या वेळानें, "पण ती नवऱ्यासाठीं धांवली रे. हिला कशासाठीं धांवायचं आहे?"

हा प्रश्न आम्हीं सुनेला कधीं विचारला नव्हता, हें तेव्हां ध्यानांत आलें. ती दारांतच उभी होती. ती म्हणाली, "आजी, घरांत सकाळपासून मला कोणी ना कोणी हाक मारतं, आणि बँकेंत दिवसभर. अर्धा तास मला कोणी हाक मारूं नये, एवढंच."

मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या, सुनेकडे पाहिलें, आणि पुन्हां आंत गेल्या. त्या दिवसापासून सकाळच्या डब्याच्या पोळ्या, आठवड्यांतून तीन दिवस, थोरल्या चिरंजीवांनीं लाटावयाच्या असें ठरलें. कोणीं ठरविलें हें अद्याप आम्हांस कळलेलें नाहीं. पोळ्या वाटोळ्या नसतात.

स्थळाविषयीं थोडें. उपनगरांत नवशिक्यानें मैदानाची माती पसंत करावी. काँक्रीटच्या रस्त्यापेक्षां पायांस ती सौम्य, आणि वाहनांची भीति नाहीं. अंधेरीकरांस जुहूची चौपाटी जवळ आहे, पण ओहोटीच्या वेळीं घट्ट झालेल्या वाळूवरच धांवावें. भुसभुशीत वाळू पोटऱ्या मोडते. बोरिवलीकरांचें भाग्य थोर. त्यांच्या दाराशीं सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान आहे, व त्यांतून कान्हेरीच्या लेण्यांकडे सुमारें सहा किलोमीटरांचा सावलीचा रस्ता जातो. तो चढाचा आहे हें आमच्या बोरिवलीच्या भगिनीनें आम्हांस सांगितलें नव्हतें. अरण्य बिबट्यांचें आहे. दार उघडण्याची वेळ पाळावी, एकट्यानें आडवाटेस शिरूं नये.

हवेविषयीं एवढेंच कीं, मुंबईचा घाम वाळत नाहीं, त्यामुळें अंग निवत नाहीं. चैत्र-वैशाखांत सातच्या आंत आटपावें आणि गति आपण होऊन कमी करावी. थंडींत कांहीं दिवशीं सकाळीं धुरकें इतकें साचतें कीं समोरची इमारत दिसत नाहीं. त्या दिवशीं घरींच सूर्यनमस्कार घालावे. पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांतून मुळींच धांवूं नये, पायास जखम असल्यास तर नाहींच. लेप्टोची बाधा अशाच पाण्यांतून होते. बूट संध्याकाळीं घ्यावे, कारण तेव्हां पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढें अंगठ्याएवढी जागा मोकळी असावी. सुती गंजीफ्रॉक घामानें भिजून कांखा सोलतो, हें अनुभवानें सांगतों.

गेल्या महिन्यांत सूनबाई प्रथमच सलग पांच किलोमीटर धांवल्या. आम्ही त्यांच्या बरेच मागें होतों. साखर पूर्वीपेक्षां उतरली आहे, परंतु डॉक्टरांनीं गोळी थांबविलेली नाहीं, व आम्हींही तसा आग्रह धरलेला नाहीं. विद्यार्थी सोमवारीं येत नाहीं. त्या दिवशीं त्याच्या मुलीस आम्ही आमच्या घरीं संस्कृत शिकवितों. ती मैदानावरून थेट येते, आणि तिचा तास, तिचा खेळ आटपेपर्यंत, आम्ही सुरू करीत नाहीं.