आवाज आजीचा, नाव कुणाचे?

स्नेहसंमेलन जवळ आले की आमच्या महाविद्यालयात दरवर्षी एखादी नवी टूम निघते. कधी एकांकिका, कधी पथनाट्य, कधी भित्तिपत्रक. यंदा गाण्याची चित्रफीत काढायची ठरली. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, त्यामुळे 'साधने नाहीत' ही जुनी सबब कुणालाच देता आली नाही. चित्रफीत झाली, संमेलनात दाखवली गेली, टाळ्याही पडल्या. तरीही हा लेख मी अभिमानाने लिहीत नाही. आमच्या हातून एक चूक झाली आणि ती पुढच्या वर्षीच्या मुलामुलींच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

गाणे कोणते घ्यायचे यावर पहिले चार दिवस गेले. सिनेमातले गाणे घ्यावे तर कॉपीराइटची भीती. गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो, हे आमच्यातल्या एकाने कुठूनतरी वाचून आणले होते. स्वतः लिहावे तर यमकापलीकडे कुणाची मजल जाईना. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. त्या कुणाच्याच नसतात. त्याच घेऊ या." 'कुणाच्याच नसतात' हे शब्द त्या वेळी कुणाला खटकले नाहीत. उलट सगळ्यांना हायसे वाटले. फुकटात गाणे मिळाले!

मग योजना सुरू झाली. योजना तशी वाईट नव्हती. साडेतीन मिनिटांचे गाणे म्हणजे 210 सेकंद. सरासरी चार सेकंदांचे एक दृश्य धरले तर पन्नासच्या वर दृश्ये लागतात, आणि प्रत्येक दृश्य तीनदा घ्यायचे तर दीडशे वेळा कॅमेरा चालू करावा लागतो. हे गणित वहीत मांडल्यावर निम्म्यांचा उत्साह मावळला. राहिलेल्यांनी दृश्यांची यादी केली. ती गाण्याच्या क्रमाने न करता जागेच्या क्रमाने केली, म्हणजे एका ठिकाणची सगळी दृश्ये एकदम उरकता येतात. डोक्यावर ऊन आले की चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, म्हणून सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतरच काम करायचे ठरले. कुणी तेरणा कारखान्याची चिमणी मागे दिसावी म्हणाले, कुणी उसाचा फड. जात्याच्या ओवीशी चिमणीचा काय संबंध, असे विचारल्यावर 'भारी दिसते' एवढेच उत्तर आले. चिमणी गळाली. कॅमेऱ्यात मावते ते सगळे दाखवायचे नसते, हा पहिला धडा तिथे मिळाला.

दुसरा धडा रेल्वे स्टेशनवर मिळाला. सासरी निघालेली मुलगी फलाटावर उभी आहे, असे एक दृश्य होते. ढोकीच्या स्टेशनवर गेलो तेव्हा समजले, की तिथे चित्रीकरण करायचे तर रेल्वेची परवानगी लागते. आम्ही मुकाट्याने परत आलो. नियम म्हणजे नियम! ही गोष्ट मी मुद्दाम सांगत आहे. दगडी फलाटासाठी परवानगी लागते हे आम्हाला तत्काळ पटले. पण जिच्या आवाजावर ही सगळी इमारत उभी राहणार होती, त्या आजीला आमच्यापैकी कुणी काही विचारले होते काय? नाही. आम्ही मैत्रिणीच्या काकांना विचारले. त्यांनी होकार दिला आणि आमच्या दृष्टीने तो विषय तिथेच संपला.

आजीचा आवाज आधी मोबाईलवर टिपून घेतला. एकाने त्याखाली संगणकावरचा ठेका घातला. ओवीला तबल्याची मात्रा ठाऊक नसते. जात्याच्या फेऱ्याबरोबर ती लांबते आणि आखडते. ठेक्यात बसावी म्हणून त्याने आजीचा आवाज जागोजागी कापला, कुठे ताणला. चित्रीकरणाच्या दिवशी ते ध्वनिमुद्रण मोठ्याने लावले आणि आजीला म्हणालो, "आता नुसते ओठ हलवा." अर्धी सकाळ गेली, पण जमेना. तीच ओवी ती दुसऱ्यांदा वेगळी म्हणते, तिसऱ्यांदा आणखी वेगळी. शेवटी कंटाळून तिने मूठभर ज्वारीची वैरण जात्यात घातली, खुंटा धरला आणि आमच्याकडे न बघता म्हणू लागली. कॅमेरा चालूच होता. संपूर्ण चित्रफितीत खरे म्हणावे असे तेवढेच एक मिनिट आहे.

यात नवे काही नव्हते. 1932 साली 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हा पार्श्वगायन रूढ झालेले नव्हते. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे यांना कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे. पुढे गाणारा एक आणि दिसणारा दुसरा अशी सोय झाली, आणि सोयीबरोबर एक सवयही लागली. पडद्यावर चेहरा दिसला की आवाज कुणाचा हे विचारायचे राहून जाते.

आमच्याकडून नेमके हेच झाले. संमेलनानंतर मैत्रिणीच्या घरी सगळ्यांनी मिळून चित्रफीत पाहिली. शेवटी नावे आली. छायाचित्रण, संकलन, संगीत, वेशभूषा, इतकेच काय, चहा आणून देणाऱ्याचेही नाव होते. आजीला वाचता येत नाही. तिने नातीकडून एकेक नाव वाचून घेतले आणि शांतपणे विचारले, "आवाज तर माझाच हाय की गं. मग माझं नाव कुटं हाय?" उत्तर कुणाकडेच नव्हते. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपल्या शेजारच्या तेरची. त्या दिवशी तेच थापटणे आमच्या डोक्यावर बसले आणि आमचीही मडकी कच्चीच निघाली.

आमच्यातल्या काहींनी नंतर बचाव केला. ओवी लोकांची असते, ती एकटीची कशी म्हणायची? एकीचे नाव लिहिले तर तिच्या आईवर, आजीवर अन्याय होत नाही काय? मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण मग संगीताखाली आमच्या मित्राचे नाव कसे चालले? तो ठेका तरी त्याने कुठे शोधून काढला होता? लोकांचे म्हणून जे काही असते ते नेमके अशिक्षित बाईचेच का असते, आणि ज्याला लिहिता-वाचता येते त्याचे मात्र स्वतःचे कसे होते?

कायदाही इथे आमच्या विरुद्ध उभा आहे. ओवीचा कर्ता अज्ञात असेल, पण गाणारी अज्ञात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क प्रथमच आणला गेला. तो पन्नास वर्षे टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे कलावंत म्हणून आपली ओळख दिली जावी हा हक्क. सिनेगीताच्या वेळी ज्या कायद्याला आम्ही भ्यालो, तो जात्याजवळ बसलेल्या आजीलाही लागू होतो, हे आमच्या ध्यानात आले नाही.

पण कायद्यापेक्षा आपली परंपरा मला जास्त बोलकी वाटते. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा असते. गंगाखेडची जनाबाई, नामदेवांच्या घरची दासी, दळण-कांडण करणारी. तिनेही आपल्या अभंगात स्वतःचे नाव घातले, म्हणून सातशे वर्षांनंतर ती आपल्याला ठाऊक आहे. ओवीत मात्र बाई भावाचे नाव गुंफते, लेकाचे गुंफते, पंढरीच्या विठोबाला आळवते, आणि स्वतःचे नाव बहुधा घालतच नाही. ते घालण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी ते केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017 पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव असते, गाव असते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही अशाच नावानिशी नोंदलेल्या आहेत. लाखभर ओव्यांच्या कामात जे जमते, ते साडेतीन मिनिटांच्या चित्रफितीत जमू नये?

अर्थात नाव लिहिणे म्हणजे विचारणे आले, आणि विचारणे म्हणजे नकार ऐकण्याची तयारी आली. आमच्या वर्गातल्या एका मुलीने चेहरा दाखवायला नकार दिला. एकदा मोबाईलवरून गावभर गेलेली चित्रफीत परत बोलावता येत नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगले कळत होते. आम्ही फक्त तिचे हात घेतले, जात्याच्या खुंट्यावरचे. त्याने चित्रफितीचे काही बिघडले नाही.

म्हणून पुढच्या वर्षी काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींना, आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या गुरुजनांनाही, माझी एक विनंती आहे. दृश्यांची यादी करण्याआधी वहीचे पहिले पान वेगळे ठेवावे. गाणे कुणाचे, आवाज कुणाचा, चेहरा कुणाचा, घर-अंगण कुणाचे, हे त्यावर लिहावे आणि ज्याचे त्याला, जिचे तिला समक्ष विचारावे. काकांना नव्हे! ते पान भरेपर्यंत कॅमेरा पिशवीतून बाहेर काढू नये.

आम्ही आता नामावली नव्याने केली आहे. त्यासाठी आजीकडे गेलो आणि कोणते नाव लिहायचे ते विचारले. तिने आधी माहेरचे नाव सांगितले, थोडी थांबली, मग सासरचे सांगितले. आम्ही घोटाळ्यात पडलेले पाहून म्हणाली, "दोनी लिवा. ओव्या माहेराच्या, जातं सासरचं."

दोन्ही लिहिली आहेत, सगळ्यांच्या आधी.