पायांच्या मुंग्या आणि मनातली शंका

कुरकुंभला महामार्गालगत दुकान थाटून बसलेल्या व्यापाऱ्याचा दिवस शटर उघडल्यापासून संध्याकाळच्या हिशेबापर्यंत बहुधा एकाच जागी जातो. तासभर मांडी घालून बसल्यावर उठताना पाय जड वाटणे, त्याला मुंग्या येणे यात नवल नाही. दाबली गेलेली नस मोकळी झाली की चार-दोन पावलांत त्या निवतात. झोप लागता लागता अंग एकदम दचकणे, एखाद्या दिवशी पापणी सारखी फडफडणे हेही बहुतेकांना होते आणि आपोआप थांबते.

काळजीच्या मुंग्या निराळ्या असतात. त्यांचा बसण्या-उठण्याशी संबंध नसतो. त्या दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होतात आणि जात नाहीत. रात्री अंथरुणावर पडले की तळव्यांची आग होते. काही महिन्यांनी हाताची बोटेही बधिर होतात. गल्ल्यातील नाणे चाचपताना मध्ये कापूस असल्यासारखे वाटते. मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखी लहर उतरते. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. जीभ लाल, गुळगुळीत होते व तिखट सोसत नाही. इतक्या विचित्र गोष्टी सांगाव्यात कशा, म्हणून माणूस गप्प राहतो आणि घरचेही ‘वय झाले’ म्हणून विषय संपवतात. कुरकुंभला तर औद्योगिक वसाहतीतील रसायनांवर ठपका ठेवणेही सोपे असते. काही रसायने चेतातंतूंना खरोखरच अपाय करतात, आणि ती रोज हाताळणाऱ्याने डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे. पण गादीवर बसणाऱ्या शाकाहारी गृहस्थाने आधी रक्तातील साखर तपासावी, आणि मग आपल्या ताटाकडे पाहावे.

ताटात ब-१२ हे जीवनसत्त्व फार थोडे असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. सुखवस्तू शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. खाण्यापिण्याला काही कमी नसलेल्या घरांत ही उणीव अधिक निघावी, हे चटकन पटत नाही. पण वनस्पती हे जीवनसत्त्व तयार करीत नाहीत. डाळ, भाजी, भाकरी, सुकामेवा यांत ते नसते. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. कपभर दुधात ते साधारण एक मायक्रोग्रॅम असते आणि रोजची गरज त्याच्या दुपटीहून थोडी अधिक. चहातल्या चार चमचे दुधाने ती भागत नाही.

यकृतात ब-१२चा साठा असतो व तो काही वर्षे पुरतो. त्यामुळे आयंबिलाच्या नऊ दिवसांनी कोणाला काही होत नाही. साठा आधीच रिता असलेल्यांची गोष्ट वेगळी. ज्यांनी दूध कायमचे सोडले आहे, जे मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतात किंवा पित्तासाठी रोज सकाळी गोळी घेतात, त्यांनी रक्तातील ब-१२ मोजून घ्यावे. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रक्त ठीक असूनही चेतातंतू बिघडू शकतात. केवळ फॉलिक अॅसिड घेतले तर पंडुरोग सुधारलेला दिसतो, पण आतली हानी चालूच राहते. मज्जारज्जूला झालेली इजा फार काळ दुर्लक्षित राहिली तर ती पूर्ण भरून येत नाही.

‘औषध कशाचे असते?’ हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो, आणि तो रास्तही आहे. १९२६ मध्ये अमेरिकेत एका घातक पंडुरोगावर प्राण्यांचे यकृत खाऊ घालण्याचा उपचार लागू पडला. पुढे यकृताच्या अर्काची इंजेक्शने आली. १९४८ मध्ये त्यातील नेमके द्रव्य वेगळे झाले, तेच ब-१२. आज मात्र ते मोठ्या टाक्यांत सूक्ष्मजीवांकडून, किण्वनाने तयार होते. त्यासाठी यकृत लागत नाही. किण्वनाबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी ती महाराजसाहेबांना जरूर विचारावी. पण विचारेपर्यंत तपासणी लांबवू नये. खरी खबरदारी कॅप्सूलबाबत घ्यायची. तिचे आवरण पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. डॉक्टरांना आधीच सांगितले तर ते साधी गोळी किंवा इंजेक्शन लिहून देतात. गोळी दिवसाही चालते, त्यामुळे चौविहाराला बाध येत नाही.

एक अपवाद ध्यानात असावा. शरीराची एकच बाजू अचानक बधिर झाली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी तपासणीची तारीख शोधत न बसता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाकडे निघावे.

बाकीच्या मुंग्यांसाठी सबुरी लागते. उपचार सुरू झाल्यावर रक्त काही आठवड्यांत सुधारते. चेतातंतूंना कित्येक महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्यांची पाकिटे कपाटात ठेवून देणारे पुष्कळ आहेत, आणि घरच्या सुनेने किंवा मुलीने रोज आठवण करून दिली म्हणून ती पूर्ण करणारेही.