कमरेचा कोयता, खुंटीवरची पिशवी

१९८८ साली बँकेने माझी बदली जव्हारला केली. जव्हार आणि मोखाडा हे तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. माझे काम कर्जप्रकरणांच्या पाहणीचे. कर्जातून घेतलेला बैल गोठ्यात आहे ना, शेळ्या जिवंत आहेत ना, हे बघत पाड्यापाड्यांतून हिंडायचे. फटफटी जाईल तिथवर फटफटी, पुढे पायपीट. खांद्याच्या पिशवीत फायली, अंगठे घ्यायला शाईचे पॅड, पेन्सिलीला टोक काढायचे ब्लेड आणि पोळीभाजीचा डबा. रानात उपयोगी पडेल असे त्यात काही नव्हते.

वाट दाखवायला येणाऱ्याच्या कमरेला मात्र सगळा संसार असे. दोरीने बांधलेली आकडी आणि तिच्यात पाठीमागे अडकवलेला कोयता. त्याच कोयत्याने तो आडवी आलेली फांदी छाटी, मला आधाराला काठी तोडून देई. राबासाठी झाडावर चढून फांद्या उतरवायच्या, कुडासाठी कारवी कापायची, बांबू चिरायचा, सगळे त्याच एका पात्यावर. घरात मीठ कुठे ठेवले आहे हे एखादे वेळी विचारावे लागेल. कोयता कुठे आहे, हे कधीच नाही.

एका श्रावणात, भाताच्या आवणीच्या दिवसांत, आमच्याच एका कर्जदाराला बांधावर घोणस चावली. मी दहा पावलांवर होतो. शाळेच्या पुस्तकात वाचलेले मला सगळे आठवले. मी रुमालाने पोटरी करकचून आवळली आणि पिशवीतल्या ब्लेडने दंशाच्या जागी काप घेतला. कोणी अडवले नाही. साहेब शिकलेले, साहेब म्हणतील ते खरे. दोघांनी कोयत्याने बांबू तोडला, घोंगडीची झोळी बांधली आणि चिखलातून त्याला सडकेपर्यंत नेले. दवाखान्यात डॉक्टरांनी रुमाल बघितला, वाहायचे न थांबलेले रक्त बघितले आणि विचारले, "साप चावला ते कळले. पण हा काप कोणी घेतला?"

इंजेक्शने मिळाली, माणूस वाचला. पण मी केलेली जखम दिवाळी उलटली तरी भरली नाही. पाड्यातली माणसे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली, तो घरीच राहिला. त्याचा हप्ता थकला. थकबाकीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात मी "आजारपण" असे लिहिले. नोकरीत लिहिलेल्या खोट्या शब्दांत तो एक.

घोणशीच्या विषाने रक्त गोठायचे थांबते, अशा माणसाला ब्लेड लावणे म्हणजे आपणच जखम वाढवणे, हे मला नंतर कळले. आवळून बांधू नये, कापू नये, तोंडाने विष ओढू नये. पैंजण, जोडवी, करदोटा सूज चढायच्या आत काढावेत. चावलेला पाय लाकडाच्या फळीला किंवा बांबूच्या कामट्यांना हलकेच बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि दवाखाना गाठावा. साप मारून न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच इंजेक्शन असते. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही. तिच्यापासून बचाव करायचा तर गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवी.

म्हणून माझे सांगणे असे, की जिथे कोयत्याची जागा ठरलेली आहे, तिथे एका पिशवीचीही ठरावी. दाराजवळच्या खुंटीवर, मुलालाही काढता येईल अशी. तिच्यात बॅटरी, साबणाची वडी, धुऊन उन्हात वाळवलेले सुती कापड, रुंद पट्ट्या, काटा काढायचा चिमटा, जुलाबावरच्या क्षारांची पाकिटे. पाकिटे संपली, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोयता लागला तर माती नको, तंबाखू नको. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, रक्त थांबल्यावर साबणपाण्याने धुवावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. पिशवीत एक कागदही हवा: १०८ हा नंबर, गाडी असलेल्या शेजाऱ्याचा नंबर आणि सापाचे इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात मिळते ते.

कोणी म्हणेल, पिशवीने काय होणार? रस्ता हवा, डॉक्टर हवा. अगदी खरे. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या रुग्णांवर उपचार करतच दाखवून दिले. पण औषध दवाखान्यात आणि माणूस डोंगरापलीकडे, तर काय उपयोग? पावसाळ्यात झोळीतून न्यावे लागलेल्या बाळंतिणींच्या बातम्या मोखाड्यातून आजही येतात. रस्ता मागत राहायलाच हवे. पण रस्ता होईपर्यंतचे दोन-तीन तास कोणाच्या तरी हातात असतात. ते हात जाणते असावेत, एवढेच माझे म्हणणे.

आता या भागात शनिवार-रविवारपुरती घरे बांधणारे आमच्यासारखेही पुष्कळ झाले. त्यांच्या गाड्यांतून औषधांच्या चकचकीत पेट्या येतात. पेटी असणे चांगलेच. पण ती कधी उघडायची आणि काय करायचे नाही, हे आधी शिकून घ्यावे. आणि शेजारच्या पाड्यावर जाताना खाऊच्या पुड्यांबरोबर अशी एक पिशवी न्यावी, शेजारी बसून ती उघडून दाखवावी.

माझ्या घराच्या दाराशी अशी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात ब्लेड नाही.